बुटियामाचे गुरुजी

२२ ऑक्टोबर १९६६ रोजी दार-ए-सलामच्या विद्यापीठातले विद्यार्थी पदवीधरांचे झगे अंगावर चढवून राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी मोर्चा घेऊन गेले. सरकारने उच्चशिक्षित तरुणांना दोन वर्षांची राष्ट्रसेवा सक्तीची केली होती. पहिले काही महिने छावणीत राहायचं, आणि उरलेल्या काळात नोकरी करायची, पण पगाराचे फक्त चाळीस टक्के घ्यायचे. विद्यार्थ्यांना ते मान्य नव्हतं. मंत्री-अधिकारी गलेलठ्ठ पगार घेतात आणि त्याग मात्र आमच्याकडून मागतात, असं त्यांचं म्हणणं. यापेक्षा परक्यांचं राज्य बरं होतं, अशा अर्थाचा फलकही कुणीतरी धरला होता.

टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे बाहेर आले. त्यांनी निवेदन शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग बोलायला सुरुवात केली. सुरुवातीला आवाज शांत होता, नंतर चढत गेला. पगारांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, ते म्हणाले. या गरीब देशात मला महिन्याला पाच हजार शिलिंग मिळतात, हे बरोबर नाही. आजपासून माझा पगार वीस टक्क्यांनी कमी. आणि तुम्ही आता आपापल्या घरी जा. जवळपास चारशे विद्यार्थ्यांना विद्यापीठातून काढून गावी पाठवण्यात आलं. त्यांतल्या बहुतेकांना पुढे परत घेतलं, पण त्या दिवशी कुणाला ते ठाऊक नव्हतं.

न्येरेरेंविषयी वाचायला लागल्यापासून मी या दुपारपाशी पुन्हा पुन्हा येते. टीका खरी आहे म्हणून स्वतःच्या पगाराला तिथल्या तिथे कात्री लावणारा दुसरा राष्ट्रप्रमुख मला पटकन आठवत नाही. आणि टीका करणाऱ्यांना त्याच दमात वर्गाबाहेर काढणारा माणूसही तोच. पुढच्या वीस वर्षांत टांझानियात जे घडलं त्याचं चांगलं आणि वाईट दोन्ही त्या एका भाषणात आहे, असं मला वाटतं.

त्यांना देशभर ‘म्वालिमू’ म्हणत. स्वाहिलीत म्वालिमू म्हणजे शिक्षक. आजही म्हणतात. गावाकडे आपण ज्या अर्थाने ‘गुरुजी’ म्हणतो, त्याच अर्थाने, आदराने आणि थोड्या धाकानेही.

जन्म १३ एप्रिल १९२२चा, व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्वेला असलेल्या बुटियामा गावी. वडील न्येरेरे बुरिटो हे झानाकी या छोट्याशा जमातीचे प्रमुख होते. त्यांना अनेक बायका होत्या, त्यांतल्या एकीचा, मुगायाचा हा मुलगा. घरचं नाव काम्बारागे. बाराव्या वर्षी तो मुसोमाच्या शाळेत गेला, गावापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर. तिथून टाबोराच्या सरकारी शाळेत, मग युगांडात माकेरेरे महाविद्यालयात, मग काही वर्षं शिक्षकाची नोकरी आणि १९४९ साली स्कॉटलंडमध्ये एडिंबराला. ब्रिटनमधल्या विद्यापीठाची पदवी घेणारा तो टांगानिकाचा, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीचा, पहिला माणूस. परत आल्यावर दार-ए-सलामजवळच्या पुगू इथल्या मिशनच्या शाळेत ते शिकवायला लागले. ७ जुलै १९५४ रोजी त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ‘टानू’ हा पक्ष काढला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला जाऊन संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त मंडळापुढे देशाची बाजू मांडली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांकडून काढून घेतलेला हा प्रदेश ब्रिटनकडे विश्वस्त म्हणून सोपवलेला होता, त्यामुळे दाद मागायला तेवढी एक जागा तरी होती. परत आल्यावर राजकारण की शाळा, असा प्रश्न समोर आला आणि त्यांनी नोकरी सोडली.

स्वातंत्र्यलढ्याच्या त्या वर्षांतल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात.

पहिली १९५८ची. इंग्रजांनी निवडणुकीचा एक विचित्र नियम केला होता. प्रत्येक मतदाराने तीन मतं द्यायची, एक आफ्रिकी उमेदवाराला, एक आशियाई उमेदवाराला, एक युरोपीय उमेदवाराला. तिन्ही मतं दिली नाहीत तर मतपत्रिका बाद. लाखो आफ्रिकी लोकांच्या देशात मूठभर गोऱ्यांना आणि आशियाईंना तितकाच वाटा देणारी ही योजना अपमानास्पद होती. टाबोराच्या अधिवेशनात पक्षातले बहुतेक जण बहिष्काराच्या बाजूने होते. न्येरेरेंनी त्यांची समजूत घातली. आपल्याला पटणारे आशियाई आणि युरोपीय उमेदवार आपणच शोधू, त्यांना पाठिंबा देऊ आणि तिन्ही जागा जिंकू, असं त्यांनी सांगितलं. झुबेरी म्टेम्वू यांच्यासारखे काही जण रागावून बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा पक्ष काढला. निवडणुकीत टानूचा पाठिंबा असलेले उमेदवार निवडून आले. त्यांत अमीर जमाल होते, सोफिया मुस्तफा होत्या, डेरेक ब्रायसन होते. फोडण्यासाठी केलेल्या नियमातून तीन वंशांची माणसं एका बाकावर येऊन बसली.

दुसरी गोष्ट १९६१ची, स्वातंत्र्याला जेमतेम दोन महिने उरले असतानाची. नागरिकत्वाचं विधेयक चर्चेला आलं. नागरिकत्व फक्त काळ्या माणसांना द्यावं, अशी मागणी त्यांच्याच पक्षाच्या काही सदस्यांनी केली. न्येरेरे संतापले. माणसाच्या कातडीच्या रंगाची पूजा सुरू केली की आपण हिटलरच्या रांगेत जाऊन बसतो, असं त्यांनी सुनावलं. विधेयक पडलं तर सरकार राजीनामा देईल, हेही सांगितलं. त्या वेळी लोकांना काय ऐकायला आवडलं असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शतकभराचा अपमान सोसलेल्या समाजापुढे उभं राहून सूडाला नकार द्यायला जी छाती लागते, तिचं मोल मला आज जास्त कळतं. आज किती देशांत किती पुढारी नेमक्या याच प्रसंगी वाकतात, ते आपण पाहतोच.

९ डिसेंबर १९६१ला टांगानिका स्वतंत्र झाला. किलिमांजारोच्या शिखरावर मशाल पेटवली गेली. आपण तिथे ज्योत लावू, तिचा उजेड आपल्या सीमांपलीकडे जाईल, निराशा असेल तिथे आशा देईल, असं न्येरेरे दोन वर्षांपूर्वी म्हणाले होते. एका महिन्यात त्यांनी पंतप्रधानपद सोडलं, पक्षबांधणीसाठी गावोगाव हिंडले आणि वर्षभराने राष्ट्राध्यक्ष म्हणून परतले. नेल्सन मंडेला १९६२च्या सुरुवातीला गुप्तपणे आफ्रिकेत फिरत होते, तेव्हा दार-ए-सलामला त्यांची भेट झाली. न्येरेरेंचं घर अजिबात भव्य नव्हतं आणि ते छोटीशी ऑस्टिन गाडी स्वतः चालवत होते, एवढं मंडेलांच्या पुढे कायम लक्षात राहिलं. १९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली, आठवडाभरात मुख्य भूमीवर सैन्याने बंड केलं, ते मोडायला नाइलाजाने ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं, आणि एप्रिलमध्ये दोन्ही भाग मिळून आजचा टांझानिया झाला. या साऱ्यावर एकेक ग्रंथ होईल. मला गावांकडे जायचं आहे.

५ फेब्रुवारी १९६७ला अरुशा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. बँका आणि मोठे उद्योग राष्ट्राच्या मालकीचे झाले. पण त्यातला माझ्या दृष्टीने सर्वांत धाडसी भाग पुढाऱ्यांच्या आचारसंहितेचा होता. पक्षाच्या किंवा सरकारच्या पदावरच्या माणसाने कंपनीचे शेअर घ्यायचे नाहीत, कुठल्या खाजगी कंपनीचा संचालक व्हायचं नाही, दोन पगार घ्यायचे नाहीत, घर बांधून भाड्याने द्यायचं नाही. जाहीरनाम्याचा सगळा भर शेतीवर होता. पैसा हा विकासाचा पाया नाही, माणसं आणि त्यांचे कष्ट हाच पाया आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. विखुरलेल्या वस्त्यांतल्या शेतकऱ्यांनी एकत्र राहावं, एकत्र कसावं, शाळा-दवाखाना-पाणी मिळून उभं करावं, ही कल्पना म्हणजे ‘उजामा’. त्यात कुटुंबाचा भाव आहे, भाऊबंदांनी वाटून खाण्याचा.

इथे मला रुवुमाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण न्येरेरेंवरच्या बहुतेक लेखांत त्याला दोन ओळी मिळतात.

देशाच्या दक्षिणेला, मोझांबिकच्या सीमेकडे सोंगेया नावाचं गाव आहे. त्या भागात लिटोवा इथे टानूच्या काही तरुणांनी १९६०च्या सुमारास रानात वस्ती केली. पहिल्या खेपेला टिकाव लागला नाही, अन्न संपलं. पुन्हा गेले, या वेळी जगले. पाहता पाहता शेजारी तशीच गावं उभी राहिली आणि त्यांनी मिळून ‘रुवुमा विकास संघ’ स्थापन केला. दशकाच्या अखेरीस दीडेक डझन गावं त्यात होती. कुणी त्यांना तिथे नेलं नव्हतं. काय पेरायचं, कुणी किती काम करायचं, आलेला पैसा कुठे घालायचा, हे सगळं गावाच्या बैठकीत ठरे. कळीचा मुद्दा हाच की निर्णय तिथल्या तिथे होई. लिटोवाची शाळाही वेगळी होती. मुलं शिकत आणि शेतातही काम करत, आणि ती गावात राहण्यासाठी शिकत होती. न्येरेरेंनी हे पाहिलं होतं. ते खूष होते. अरुशा जाहीरनाम्यात आणि त्यापाठोपाठ आलेल्या शिक्षणविषयक धोरणात लिटोवाची सावली स्पष्ट दिसते. ऑक्टोबर १९६८मध्ये त्यांनी स्वातंत्र्य आणि विकास यांवर एक निबंध लिहिला. दुसऱ्या कुणाला लोकांचा विकास करता येत नाही, लोक फक्त स्वतःच स्वतःचा विकास करू शकतात, असं त्यात लिहिलं. ते वाक्य मी वहीत उतरवून ठेवलेलं आहे.

त्यानंतर वर्षभराच्या आत, २४ सप्टेंबर १९६९ला, टानूच्या केंद्रीय समितीने रुवुमा विकास संघ बरखास्त केला. पक्षाच्या प्रादेशिक अधिकाऱ्यांना ही गावं डोईजड झाली होती. ती त्यांचं ऐकत नव्हती, त्यांना विचारत नव्हती. स्वतःचं भलं स्वतः ठरवणारी गावं ज्या पुढाऱ्याला नकोशी होतात, त्याला समाजवाद कधीच नको असतो, त्याला फक्त हुकमत हवी असते. समितीत न्येरेरेंचं चाललं नाही आणि त्यांनी ते मान्य केलं. संघाची मालमत्ता पक्षाने ताब्यात घेतली, लिटोवाच्या शिक्षकांच्या बदल्या झाल्या. सगळ्या आफ्रिकेत उजामाचं जे एक खरंखुरं, शेतकऱ्यांनी हाताने घडवलेलं रूप होतं, ते उजामाच्याच नावाने मोडलं गेलं. न्येरेरेंनी त्या बैठकीत राजीनाम्याची धमकी का दिली नाही? १९६१ साली नागरिकत्वासाठी दिली होती. आठ वर्षांनी सतरा-अठरा गावांसाठी का नाही? या प्रश्नाचं उत्तर मला कुठल्याच पुस्तकात समाधानकारक मिळालेलं नाही.

त्यानंतर जे झालं त्याला मोहिमेचं रूप आलं. १९७१ साली डोडोमा भागात, मग किगोमात, गावं वसवण्याचं काम सरकारी पद्धतीने सुरू झालं. इरिंगाजवळच्या इसिमानी भागात मक्याची मोठी शेती करणारे सधन शेतकरी होते. तिथे उजामासाठी जमिनी घेण्यावरून ताण वाढला आणि १९७१च्या नाताळच्या दिवशी प्रादेशिक आयुक्त डॉ. विल्बर्ट क्लेरू यांना सईदी म्वाम्विंदी नावाच्या शेतकऱ्याने गोळी घातली. म्वाम्विंदीला पुढे फाशी झाली. मरणारा आणि मारणारा दोघेही त्याच देशाचे, आणि मधे जमीन. आपल्याकडे या बातमीचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागणार नाही.

मग नोव्हेंबर १९७३. देशातल्या प्रत्येक ग्रामीण माणसाने १९७६ संपण्यापूर्वी गावात राहायला यावं, असं जाहीर झालं. गावात राहणं हा आता आदेश आहे, अशा मथळ्याखाली सरकारी इंग्रजी दैनिकात बातमी छापून आली. त्यानंतरच्या तीन वर्षांत किमान पन्नास लाख माणसं हलवली गेली. काही ठिकाणी लोक आपणहून गेले, काही ठिकाणी पाण्याच्या आणि शाळेच्या आशेने. बऱ्याच ठिकाणी ट्रक आले, पोलीस आले, सैनिक आले. लोक परत फिरू नयेत म्हणून जुनी घरं पाडली, कित्येक ठिकाणी जाळली. नव्या गावाची जागा रस्त्याच्या कडेला, नकाशावर सरळ दिसेल अशी निवडलेली. तिथली माती कशी आहे, पाणी कुठे आहे, आपली केळीची बाग आणि कसदार रान किती लांब राहिलं, हे विचारायला कुणी थांबलं नाही. पेरणीच्या दिवसांत माणसं घरं बांधत बसली. त्यातच १९७३ आणि १९७४चे दुष्काळ. धान्य परदेशातून आणावं लागलं आणि त्यात परकीय चलनाची गंगाजळी आटली. त्याच सुमारास खनिज तेलाचे भावही भडकले होते, हे खरं. पण तेल आणि पाऊस यांच्या माथी सगळं मारता येणार नाही.

मी हे लिहिताना मला त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. या मोहिमेतून न्येरेरेंनी एक एकरही स्वतःसाठी घेतला नाही. विखुरलेल्या वस्त्यांना शाळा आणि नळ पोचवणं अशक्य आहे, हा त्यांचा युक्तिवादही खरा होता. म्हणूनच तर हे सगळं जास्त लागतं. लबाड माणसाने लोकांची घरं जाळली तर आपण त्याला लबाड म्हणतो आणि पुढे जातो. इथे एक निर्मळ, अभ्यासू, लोकांवर जीव असलेला माणूस आहे. त्याने स्वतः लिहून ठेवलं होतं की लोकांचा विकास दुसऱ्याला करता येत नाही. पाच वर्षांनी त्यानेच आदेश काढला. वर्गात एखादं मूल ऐकत नसलं की चांगल्या शिक्षकालाही वाटतं, याच्या भल्यासाठी जरा कठोर व्हायला हवं. मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं, तो मोह मला आतून ठाऊक आहे. पण शाळेतलं मूल सात-आठ वर्षांचं असतं. शेतकऱ्याला त्याच्या रानातली माती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते.

१९७६ साली आणखी एक घाव पडला. त्याच्याबद्दल आपल्याकडे फार बोललं जात नाही. सरकारने शेतकऱ्यांचे सहकारी संघ बरखास्त केले. हे संघ काही नवखे नव्हते. किलिमांजारोच्या उतारावर कॉफी पिकवणाऱ्या चागा शेतकऱ्यांचा संघ १९३३ सालापासून चालू होता. आपला प्रवरानगरचा साखर कारखाना उभा राहिला त्याच्या कितीतरी आधी हे शेतकरी आपली कॉफी स्वतः गोळा करून विकत होते. स्वातंत्र्याच्या चळवळीला पहिलं बळ पुरवणाऱ्यांत हे सहकारी शेतकरी होते. संघांत भ्रष्टाचार नव्हता असं नाही, होता. तो दुरुस्त करायच्या ऐवजी संघच गेले. त्यांच्या जागी सरकारी पीक महामंडळं आली, ती दर ठरवायची आणि पैसे महिनोन्‌महिने थकवायची.

आमचे आण्णा नगर जिल्ह्यातल्या एका गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे संचालक होते. वार्षिक सभा म्हणजे भांडणांचा फड. खताच्या पोत्यांवरून, थकबाकीवरून, कुणाच्या भाच्याला सचिव केलं यावरून. रात्री आण्णा वैतागून घरी येत आणि आईला म्हणत, बंद करून टाका एकदा ही सोसायटी. सकाळी पुन्हा दप्तर काखेला मारून तिथेच. त्या भांडणात सामान्य शेतकऱ्याला उभं राहून संचालकाला जाब विचारता येत होता, आणि विचारला जातही होता. टांझानियाच्या शेतकऱ्याचा तोच हक्क १९७६ साली गेला. त्याआधी १९७२ साली निवडून आलेली स्थानिक स्वराज्य मंडळंही गेलेली. म्हणजे शेतकऱ्याने भांडायला जायचं कुणाकडे?

न्येरेरेंनी पुढे हे स्वतः मान्य केलं. १९८४च्या सुमारास एका मुलाखतीत ते म्हणाले की पुन्हा सुरुवात करायची वेळ आली तर दोन गोष्टी मी करणार नाही, स्थानिक स्वराज्य संस्था मोडणार नाही आणि सहकारी संघ बरखास्त करणार नाही. आम्ही उतावीळ होतो आणि अजाण होतो, असंही त्यांनी म्हटलं. सत्तेवर असलेल्या माणसाच्या तोंडून इतकं स्पष्ट वाक्य क्वचितच येतं. १९७७ सालीही, अरुशा जाहीरनाम्याला दहा वर्षं झाल्यावर, टांझानिया समाजवादी झालेला नाही आणि स्वावलंबीही झालेला नाही, असं त्यांनीच लिहून प्रसिद्ध केलं होतं. सहकारी संघांना परत आणणारा कायदा १९८२मध्ये झाला. आज टांझानियाची तूर आपल्या बंदरांत उतरते, आपल्या वरणात येते. ती पिकवणारा शेतकरी आता पुन्हा गावच्या सहकारी संस्थेमार्फत गोदामात माल टाकतो आणि लिलाव होतो. सरकारी दराविषयी तो आजही कुरकुरतो, आपल्यासारखाच.

मग उरलं काय?

पुष्कळ उरलं. टांझानियात शंभरावर जमाती आहेत. त्यांच्या शेजारच्या रवांडात, बुरुंडीत, युगांडात, काँगोत काय झालं ते जगाने पाहिलं. टांझानियाच्या मुख्य भूमीवर जमातींचं युद्ध झालं नाही. न्येरेरेंनी शाळेत, कचेरीत, सैन्यात स्वाहिली रुजवली. ती कुठल्याही एका मोठ्या जमातीची मालकी नव्हती, म्हणून कुणाला ती परकी वाटली नाही. राज्यकारभारातून वेळ काढून त्यांनी स्वतः शेक्सपिअरची दोन नाटकं, ‘ज्युलियस सीझर’ आणि ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’, स्वाहिलीत आणली. आपली भाषा एवढा भार पेलू शकते हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. प्रौढ साक्षरतेच्या मोहिमेत झाडाखाली, चर्चच्या ओसरीवर, पक्षाच्या कचेरीत वर्ग भरत. इंग्रज गेले तेव्हा देशात दोन अभियंते आणि बारा डॉक्टर होते आणि मी पायउतार झालो तेव्हा दहांतले नऊ लोक वाचू शकत होते, असं ते म्हातारपणी अभिमानाने सांगत. त्या आकड्यांवर अभ्यासक वाद घालतात, घालू देत. आजी-आजोबांच्या पिढीने पहिल्यांदा आपलं नाव लिहिलं, हे काही आकड्यांवर अवलंबून नाही.

आणि दक्षिणेकडचे मुक्तिलढे. आफ्रिकी एकता संघटनेची मुक्ती समिती १९६३पासून दार-ए-सलामला होती. मोझांबिकचे, अंगोलाचे, झिंबाब्वेचे, नामिबियाचे, दक्षिण आफ्रिकेचे लढवय्ये तिथे आले, राहिले, शिकले. मोरोगोरोजवळ मझिंबू इथे दक्षिण आफ्रिकेतून पळून आलेल्या मुलांसाठी अख्खी शाळा उभी राहिली. ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतल्या, गोऱ्यांच्या राजवटीविरुद्ध ब्रिटन काही करत नाही म्हणून १९६५ साली न्येरेरेंनी ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले आणि पंचाहत्तर लाख पौंडांच्या कर्जावर पाणी सोडलं. पाश्चात्त्य देशांनी नाकारलेला झांबियापर्यंतचा १,८६० किलोमीटरचा लोहमार्ग चीनच्या मदतीने बांधून घेतला, म्हणजे झांबियाचं तांबं गोऱ्यांच्या प्रदेशातून न जाता समुद्राला लागेल. १९७८मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने टांझानियातला कागेराचा पट्टा बळकावला तेव्हा टांझानियाच्या सैन्याने त्याला मागे रेटलं आणि ११ एप्रिल १९७९ला कंपाला घेतलं. त्या युद्धाने देशाचं कंबरडं मोडलं, मदतीला फार कुणी आलं नाही. एका गरीब राष्ट्राने शेजाऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी स्वतःच्या ताटातला इतका घास काढून दिल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

भारतीय वंशाच्या लोकांशी त्यांचं नातं गुंतागुंतीचं होतं आणि ते झाकून ठेवू नये. अमीर जमाल वर्षानुवर्षं त्यांचे अर्थमंत्री होते, सर्वांत विश्वासू सहकाऱ्यांपैकी एक. अमीनने १९७२ साली युगांडातून आशियाईंना हाकललं तेव्हा न्येरेरेंनी त्याला उघडपणे वर्णद्वेष म्हटलं. पण त्याच्या आदल्या वर्षी, १९७१मध्ये, एक लाख शिलिंगांवरच्या किमतीच्या भाड्याने दिलेल्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या होत्या. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता, तरी घाव मुख्यतः गुजराती, इस्माइली, गोवेकर कुटुंबांवर बसला. ज्यांची आयुष्यभराची पुंजी एका तीन मजली घरात होती, ते हजारोंनी कॅनडाला, ब्रिटनला निघून गेले. त्यांच्या तोंडून न्येरेरेंविषयी कडवट शब्द निघतात, आणि ते ऐकून घ्यायलाच हवेत. चौकशीविना स्थानबद्ध करण्याचा १९६२चा कायदा आणि १९६५पासून एकच पक्ष, याविषयीही तसंच. एकेकाळचे त्यांचे उजवे हात ऑस्कर काम्बोना १९६७ साली देश सोडून गेले आणि पंचवीस वर्षं परतू शकले नाहीत. न्येरेरे हुकूमशहा नव्हते असं त्यांचे चाहते म्हणतात. तुरुंगात खटल्याशिवाय बसलेल्या माणसाला ते पटवून देणं कठीण आहे.

१९७९पासून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी भांडण जुंपलं. चलनाचं अवमूल्यन करा, खर्च कापा, अशा अटी त्यांनी धुडकावल्या. नाणेनिधी हे आंतरराष्ट्रीय अर्थमंत्रालय कधीपासून झालं, असा सवाल त्यांनी १९८०च्या नववर्षाच्या भाषणात परदेशी राजदूतांसमोर केला. त्यांचं म्हणणं तत्त्वाला धरून होतं. पण दुकानांत साबण नव्हता, साखर नव्हती. शेवटी या अटी मान्य केल्याशिवाय गत्यंतर नाही हे दिसलं. नोव्हेंबर १९८५मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपद अली हसन म्विन्यी यांच्या हाती दिलं. त्या काळात आफ्रिकेत स्वखुशीने खुर्ची सोडणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. ते बुटियामाला गेले, शेती केली, गावकऱ्यांबरोबर बाओ हा त्यांचा आवडता पटावरचा खेळ खेळले. १९८७ ते १९९० दक्षिणेकडच्या देशांच्या आयोगाचे अध्यक्ष होते, तेव्हा त्यांचे महासचिव होते डॉ. मनमोहन सिंग. १९९५ साली भारताने सुरू केलेला गांधी शांतता पुरस्कार सर्वप्रथम त्यांना मिळाला.

निवृत्तीनंतरचा त्यांचा एक निर्णय मला फार मोठा वाटतो. १९९१ साली न्यालाली आयोगाने देशभर लोकांचं मत घेतलं. सुमारे ऐंशी टक्के लोकांना एकच पक्ष हवा होता, म्हणजे न्येरेरेंचाच पक्ष. तरीही न्येरेरेंनी जाहीरपणे बहुपक्षीय पद्धतीची बाजू घेतली. एकट्या पक्षाला विचारणारं कुणी नसलं की तो सुस्तावतो, सडतो, हे त्यांनी आतून पाहिलं होतं. त्याच वर्षी झांझिबारच्या बैठकीत त्यांच्या पक्षाने अरुशाची ती आचारसंहिता गुंडाळून ठेवली. आता पुढाऱ्यांना घरं बांधून भाड्याने द्यायला, शेअर घ्यायला मुभा होती. बहुपक्षीय पद्धत १९९२मध्ये आली. त्यानंतर ते बुरुंडीतल्या यादवीत मध्यस्थी करत राहिले, रक्ताचा कर्करोग झाल्यावरही. १४ ऑक्टोबर १९९९ला लंडनच्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं आणि बुटियामात त्यांना पुरलं.

ते श्रद्धाळू कॅथलिक होते, शक्य तेव्हा रोज सकाळी चर्चमध्ये जात. २००५ साली मुसोमाच्या धर्मप्रांताने त्यांना संतपदाच्या वाटेवर नेण्याची प्रक्रिया सुरू केली. अशा प्रक्रियेत त्या माणसाला ओळखणाऱ्यांच्या साक्षी नोंदवतात, त्याचं सगळं लेखन तपासतात, प्रतिकूल पुरावाही मागवतात. संत कोण आणि कोण नाही, हे ठरवणं माझं काम नाही. पण त्या कागदांत सोंगेयाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांची साक्ष असावी, असं मला मनापासून वाटतं. ज्यांनी लिटोवा उभं केलं, ज्यांचं संघाचं दप्तर पक्षाने उचलून नेलं, आणि ज्यांतले बरेच जण, त्या भागात हिंडलेले अभ्यासक सांगतात त्याप्रमाणे, म्वालिमूंबद्दल आजही प्रेमानेच बोलतात. त्यांना नीट बसवून विचारलं जावं, आणि त्यांनी जे सांगितलं ते स्वाहिलीत, त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं जावं.